उस्तिन्याच्या संदुकीला पाडलेली फट

मित्रांनो, झाकणावर फट दिसते म्हणून मला मतपेटी समजू नका. शाळेच्या या कोपऱ्यात माझ्यापुढे जो पुठ्ठा उभा केलाय त्यावर तसं लिहिलंय, ते मला ठाऊक आहे. तो पुठ्ठा माझ्यापेक्षा ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी लहान आहे आणि लिहिणाऱ्यानं मला काही विचारलं नव्हतं. मी लग्नातली जुनी संदूक आहे. मतपेटी होते ती फक्त तीन दिवस. पण त्या तीन दिवसांनी माझी, आणि माझ्यापेक्षा जास्त माझ्या मालकिणीची, जी काही दशा केली ती कुठल्याच पुठ्ठ्यावर लिहिलेली नाही. म्हणून मीच सांगते. तुम्ही जरा शांत बसा, आणि त्या मागच्या मुलाला फटीत गोळीचा कागद घालू देऊ नका.

मला येरमोलाय नावाच्या सुतारानं केलं, आपल्या एकुलत्या एका मुलीसाठी. तिचं नाव उस्तिन्या. पाइनच्या फळ्या त्यानं दोन हिवाळे चुलीमागे वाळवल्या. कडांना लोखंडी पट्ट्या ठोकल्या, अंगावर लाल पक्षी काढले. पक्षी कसले, कोंबड्याच दिसत होत्या त्या, पण बापाला तसं कोण सांगणार? कुलूप मात्र नावाजण्यासारखं होतं. किल्ली फिरवली की आत घंटी वाजायची, तीन वेळा. आमच्या भागात सुनेची संदूक अशीच करतात. सुनेनं संदूक उघडली की सासूला चुलीपाशी बसल्या जागी कळावं, एवढाच त्यातला हेतू. तरी सगळे ‘वा, काय गोड आवाज’ म्हणायचे.

घोडागाडीत बसून मी लुगोवा गावात आले. उस्तिन्याचा नवरा निकानोर उंच, हाडकुळा, आणि गाणं बेसूर. मला उचलताना त्यानं विचारलं, “बापानं आत दगड भरलेत काय गं?”

“पुस्तकं असतील,” उस्तिन्या म्हणाली. तिला तेव्हा एक अक्षर येत नव्हतं.

निकानोरनं ते मनावर घेतलं. पुढचे दोन हिवाळे जेवणं झाली की तो माझ्या झाकणावर कोळशानं अक्षरं काढायचा आणि ती बोटानं गिरवायची. मग सासू ओल्या फडक्यानं मला पुसायची आणि पुटपुटायची. असं करत उस्तिन्या वाचायला शिकली. गावातल्या बायकांमध्ये लिहिता-वाचता येणारी ती एकटीच. निकानोरनंच जत्रेतून साबणाच्या वेष्टणावरचं एक चित्र आणलं, छत्री घेतलेल्या बाईचं, आणि पिठाच्या खळीनं माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. संदूक उघडली की ती बाई समोर दिसायची. सासू गेली, मुलगी झाली, तिचं नाव ऊल्या. मला आठवतं तेवढं सुख ते एवढंच. त्यात घंटी रोज वाजायची.

मग लढाई लागली आणि निकानोरला नेलं.

आता मित्रांनो, एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लुगोवात जमीन कुणा एकाची नसे, गावकीची असे. घरात पुरुष किती, तितके पट्टे त्या घराला, आणि दर काही वर्षांनी पुन्हा वाटणी. मुलीला पट्टा नाही, विधवेला नाही. पुरुष लढाईवर असला तरी जिवंत आहे तोवर त्याचा पट्टा बायकोनं कसायचा. मेला की पट्टा गावकीकडे परत. उस्तिन्याचा पट्टा ओढ्याकाठी होता. त्यात ती बार्ली आणि बटाटे काढायची. त्यावर तिचं आणि ऊल्याचं पोट चालायचं, दुसरा आधार नव्हता.

दोन वर्षं निकानोरची पत्रं आली, ती माझ्यातच ठेवलेली असत. तिसऱ्या वर्षी शरद ऋतूत, बाजारात एका अनोळखी सैनिकानं उस्तिन्याच्या टोपलीत एक कागद टाकला आणि तो गर्दीत निघून गेला. तिनं तो घरी येऊन माझ्यापाशी बसून वाचला. लिहिणारा तेरेंती नावाचा निकानोरचा सोबती होता. ‘वहिनी, निकानोर ऑगस्टात गेला. मी स्वतः मूठभर माती टाकली. सरकारी कागदाची वाट बघू नका, आमची कचेरीच जळाली.’

ती रडली असेल असं तुम्हाला वाटेल. शेजारच्या घरात चमचा पडला तरी ऐकू येतो, अशा गावात बाईनं रडायचं कसं? तिनं माझी किल्लीसुद्धा हळू फिरवली, घंटी वाजू नये म्हणून. छत्रीवाल्या बाईचं चित्र पाण्यानं ओलं करून सोडवलं, पत्र त्यामागे सपाट पसरलं, आणि वरून चित्र पुन्हा चिकटवलं. मग माझ्या झाकणावर कपाळ टेकून म्हणाली, “ऊल्या बारा वर्षांची, कामाला लागण्याएवढी होईपर्यंत. तोवर तू जिवंत आहेस हं, निकानोर.”

आमच्या चर्चमध्ये दर रविवारी बायका चिठ्ठ्या देतात. डावीकडे जिवंतांची नावं, खुशालीसाठी. उजवीकडे गेलेल्यांची, शांतीसाठी. पाद्री ती नावं वाचतो. उस्तिन्या निकानोरचं नाव डावीकडे लिहीत राहिली. एक वर्ष आणि तीन महिने तिनं मेलेल्या माणसाच्या तब्येतीसाठी मेणबत्ती लावली. गेलेल्याच्या नावानं चाळिसाव्या दिवशी मधातली गव्हाची खीर करतात, ती केली नाही. शांतीची एक ओळ त्याच्यासाठी कुणी म्हटली नाही. रविवारी चर्चमधून आली की ती डोक्याचा रुमाल माझ्यात ठेवायची आणि दर वेळी तेच बोलायची, “मी त्याला तिष्ठत ठेवलंय गं. ना इकडे, ना तिकडे. हे पाप कुठे फेडू मी?” मी लाकूड. मी काय सांगणार?

मग क्रांती झाली. म्हणजे राजधानीत झाली. लुगोवात एवढंच झालं की गावप्रमुख कोंद्रात सावेलिचनं कचेरीतली झारची तसबीर काढली आणि तोंड भिंतीकडे करून कपाटामागे ठेवली. “वारं फिरलं तर पुन्हा खिळा कोण शोधत बसणार?” म्हणाला. कोंद्रात वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. वाईट असता तर मला ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. त्याचे चार नातू बिनपट्ट्याचे होते आणि पाचवा होऊ घातला होता. ओढ्याकाठी गेला की त्याची नजर उस्तिन्याच्या जमिनीवर पडायची, एवढंच.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर कळलं की निवडणूक आहे. देशाचा कायदा नव्यानं लिहायला राजधानीत, पेत्रोग्रादला, संविधान सभा बसणार, आणि तिच्यात कोण बसणार ते आपल्या प्रांतातून आपणच ठरवायचं. शाळेच्या बाई नीना पाव्लोव्ना निवडणूक समितीच्या अध्यक्ष झाल्या. जिल्ह्यातून आल्या होत्या, वय सव्वीस, आणि या सभेवर त्यांचा एवढा विश्वास की बोलताना गाल लाल व्हायचे. रविवारी त्यांनी गावाला शाळेत बोलावलं. घरी आल्यावर बायकांनी तिथलं सगळं बोलणं उस्तिन्याच्या खोलीत पुन्हा करून दाखवलं, म्हणून मला ठाऊक.

बाई म्हणाल्या, “बायकांनीही मत द्यायचं आहे.”

पेलागेया म्हणून शेजारीण होती, तीन मुलगे लढाईवर असलेली. ती म्हणाली, “बायकांनीपण? हे आमच्या म्हाताऱ्याला कुणी सांगितलंय का?”

सगळे हसले. बाईंनी छापील याद्या दाखवल्या. घरातून हवी ती यादी आणायची, शाळेत पडद्यामागे जाऊन लिफाफ्यात घालायची, लिफाफा चिकटवून पेटीत टाकायचा. यादीवर काही खरडायचं नाही. “आणि लिफाफ्यात काय आहे ते मला कळणार नाही, कोंद्रात सावेलिचना नाही, नवऱ्याला नाही, पाद्रीबाबांनाही नाही. हे गुप्त असतं. मी तुम्हाला शब्द देते.”

कोणती यादी हा प्रश्नच नव्हता. गावकी कायम एका तोंडानं बोलत आली होती. तिनं आधीच ठरवलं होतं की सगळ्यांनी तीन नंबर टाकायचा. बाकीच्या याद्यांत पुरुषांनी तंबाखू वळायला घेतली होती.

त्या संध्याकाळी पेलागेया माझ्यावर बसून होती. म्हणाली, “तीन नंबर टाकला. बरं. पण त्या सभेला कसं कळणार कुणाची माणसं परत पाठवायची ते? माझी तीन आहेत, अकुलिनाचा एक आहे. नंबरावरून कळतं होय?”

“नाही कळत,” उस्तिन्या म्हणाली.

“मग नावं द्यायला नकोत? चर्चमध्ये देतो तशी चिठ्ठी आत घालू. सगळ्या देशाची सभा आहे म्हणतात. पाद्रीबाबा वाचतो ती नावं देव ऐकतो, तर ही नाही वाचणार?”

“बाई म्हणाल्यात, यादीवर लिहायचं नाही.”

“यादीवर कुठे लिहितेय मी? वेगळा कागद की. तू लिहून दे.”

यात काही चूक आहे असं त्या खोलीतल्या एकीलाही वाटलं नाही. मलाही नाही. नाव लिहून घडी घालून द्यायची, ते कुणीतरी मोठा वाचतो, हेच त्यांना जन्मभर माहीत होतं. दोन दिवस बायका येत राहिल्या. चहाच्या पुड्यांचे, जुन्या कॅलेंडरचे कागद फाडून उस्तिन्या माझ्या झाकणावर लिहीत बसली. डावीकडे, उजवीकडे. पेन्सिलीचं एकेक अक्षर माझ्या अंगावर उमटत होतं. एकशे बेचाळीस चिठ्ठ्या झाल्या. बायका अंडी ठेवून जायच्या, ती उस्तिन्या परत करायची.

सगळ्या गेल्यावर तिनं एकशे त्रेचाळिसावा कागद घेतला. डावीकडे लिहिलं: ऊल्या. बापाचं नाव लिहिलं, येरमोलाय. मग बराच वेळ पेन्सिल हलली नाही. ती पुटपुटत होती, “गुप्त असतं म्हणाल्या. शब्द दिला बाईंनी. इथून पेत्रोग्राद कुठल्या कुठे. तिथे लुगोवा कुणाला माहीत, पट्टा कुणाला माहीत. तिथे तरी तुला नीट जाऊ दे.” आणि तिनं उजवीकडे, शांतीसाठीच्या बाजूला लिहिलं: निकानोर. हे अक्षर मला अजून झाकणात जाणवतं, कारण त्याच्या बरोबर खाली, चित्रामागे, तेरेंतीचं पत्र होतं. त्या रात्री ती किती दिवसांनी गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंद्रात दारात उभा. सोबत लंगडा सुतार फोका, हातात आरी.

“जिल्ह्यातनं पेटी यायची होती, ती चिखलात अडकली,” कोंद्रात म्हणाला. “उद्या मतदान. गावात कुलपाची धड संदूक तुझीच. दे.”

उस्तिन्यानं माझ्या झाकणावर हात ठेवला.

“फुकट नको देऊ. ऐक. हिवाळ्यानंतर वाटणी आहे आणि निकानोरचा दीड वर्षात कागद नाही. लोक बोलायला लागलेत. मी त्यांना सांगेन, सभा जमिनीचं ठरवेपर्यंत उस्तिन्याच्या पट्ट्याला हात लावायचा नाही. माझा शब्द. आता तरी?”

यावर ती नाही कशी म्हणणार? तिनं निकानोरचे सदरे, ऊल्याचं अंगडं, टॉवेल, पत्रांचा गठ्ठा, सगळं भराभर बाहेर काढलं. चित्रामागचं तेवढं कसं काढणार? दोघे समोर उभे होते. फोकानं झाकण उलटं करून बाकावर आडवं धरलं आणि छत्रीवाल्या बाईच्या पोटावर पेन्सिलीनं रेघ मारली.

“कडेला पाड ना फट,” उस्तिन्या म्हणाली. “मध्ये कशाला?”

“मधोमधच बरी दिसते,” फोका म्हणाला.

“चित्र आहे रे त्याच्यावर. निकानोरनं लावलेलं.”

“अगं साबणाचा कागद तो,” कोंद्रात हसला. “चेहरा बघ हिचा. नवऱ्याच्या मानेवर आरी चालवतोय का तो?”

फोकानं भोक पाडलं, आरी घातली, आणि चालवली. लाकडाला दुखतं का, असं तुम्ही विचाराल. दुखतं. पण मी तेव्हा स्वतःकडे बघत नव्हते, उस्तिन्याकडे बघत होते. जमिनीवर भुसा पडत होता आणि भुशात पांढऱ्या कागदाचे बारीक कण होते. फोका म्हणाला, “चांगला जाड कागद वापरतात हे साबणवाले.” तिनं सगळं झाडून मुठीत घेतलं आणि चुलीत न टाकता रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवलं.

तीन दिवस मी शाळेत टेबलावर होते, लाख लावून सील केलेली. खरं सांगते, ते तीन दिवस देखणे होते. बायका धुतलेले पांढरे रुमाल बांधून आल्या, सणाला येतात तशा. माझ्यासमोर आल्या की छातीवर क्रूस काढायच्या, वाकायच्या. एका म्हातारीनं माझ्या कोपऱ्याचा मुका घेतला. नीना पाव्लोव्नांचे डोळे भरून आले. त्या शेजारच्याला म्हणाल्या, “बघा, यांना लोक अडाणी म्हणतात.” फटीतून एकेक लिफाफा पडायचा, तो तेरेंतीच्या पत्राच्या कापल्या कडांना घासून पडायचा. बायकांचे लिफाफे जरा जाड होते. बाईंच्या ते लक्षात आलं नाही. उस्तिन्या तिसऱ्या दिवशी आली. लिफाफा सोडताना तिनं फटीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच.

चौथ्या दिवशी सकाळी मोजणी. समितीत नीना पाव्लोव्ना, कोंद्रात आणि आणखी दोघे. बाकी गाव भिंतीला टेकून उभं. पुरुषांचे लिफाफे आधी निघाले: तीन, तीन, तीन. मग पहिला जाड लिफाफा उघडला. तीन नंबरची यादी, आणि सोबत चिठ्ठी. बाईंचा चेहरा पडला. दुसरा उघडला, तिसरा उघडला. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, पान शोधलं, आणि ते पान त्या बराच वेळ वाचत राहिल्या, जणू पुन्हा वाचलं तर दुसरं काही निघेल.

“लिफाफ्यात यादीशिवाय दुसरं काही असलं तर मत बाद,” त्या म्हणाल्या.

“बाद म्हणजे?” पेलागेयानं विचारलं.

“मोजता येत नाही.”

“पण तीनच आहे ना ते? तीन नंबरच टाकलाय मी.”

“हो, पेलागेया मावशी. तरी नाही.”

“देवाला चालतं आणि सभेला चालत नाही? अशी कोण लागून गेली ती सभा?”

कोणी हसलं नाही. कोंद्रातनं हिशोब केला होता. गावाची अर्धी ताकद गेली होती. त्याचं डोकं फिरलं. “हे शिकवलं कुणी? काय लिहिलंय बघू तरी,” म्हणून त्यानं एक चिठ्ठी उचलली.

“वाचू नका,” बाई म्हणाल्या. “ते गुप्त आहे.”

“मत गुप्त. चिठ्ठी कुठे मत आहे? तुम्हीच म्हणालात, मोजता येत नाही.”

मित्रांनो, त्या क्षणी बाईंनी नुसता हात पुढे केला असता तरी पुरे होतं. चिठ्ठ्या गोळा करून मांडीवर ठेवल्या असत्या तर कुणाची त्या ओढून घ्यायची छाती झाली नसती. पण त्या पुस्तकात पान शोधायला लागल्या. चिठ्ठीबद्दल त्यात काहीच नव्हतं. आणि तेवढ्यात कोंद्रात वाचायला लागला होता.

पहिल्यांदा तो टिंगलीनंच वाचत होता. मग आवाज बदलला. नावं सगळी ओळखीची. खुशालीसाठी: मित्रोफान, लुका, येगोर. शांतीसाठी: आंतिप. बायकांनी रुमालाचे पदर तोंडाला लावले. पुरुषांनी टोप्या काढल्या. शाळेचं चर्च झालं. कोंद्रातला आता थांबताही येईना, कारण प्रत्येकीला आपलं नाव ऐकायचं होतं. उस्तिन्या दाराशी होती. ती बाहेर गेली नाही. गेली असती तर लोकांनी बघितलं असतं.

मग त्यानं वाचलं, “खुशालीसाठी, ऊल्या, येरमोलाय. शांतीसाठी, निकानोर.”

लुगोवात निकानोर एकच होता. कोंद्रातनं मान वर केली नाही. कागद घडी घातला, पुन्हा उघडला. पेलागेयानं छातीवर क्रूस काढला आणि मोठ्यानं म्हणाली, “देव त्याला शांती देवो.” मग सगळ्यांनी म्हटलं. निकानोरचं उत्तरकार्य म्हणाल तर ते एवढंच झालं, मतमोजणीच्या टेबलावर, बाद मतांत.

डिसेंबरात गावकी बसली. मी तेव्हा कचेरीत होते, बाद लिफाफे आत घालून पुन्हा सील केलेली. जिल्ह्यातून माणूस येऊन नेईल असं ठरलं होतं. उस्तिन्या समोर उभी होती.

“काका, तुम्ही शब्द दिला होता,” ती म्हणाली. “सभा ठरवेपर्यंत.”

“दिला होता. जिवंत माणसाच्या बायकोला दिला होता,” कोंद्रात म्हणाला. “मला शिव्या दे, हक्क आहे तुझा. पण पट्टा जिवंताचा असतो. हे मी नाही केलं गं. तूच लिहिलंस.”

“हो,” ती म्हणाली. “मीच लिहिलं.”

ओढ्याकाठचा पट्टा कोंद्रातच्या थोरल्या नातवाला गेला.

नीना पाव्लोव्ना तिला कचेरीच्या पायरीवर भेटल्या. दार उघडं होतं, मला ऐकू आलं. बाई म्हणाल्या, “मी शब्द दिला होता. माझं चुकलं, उस्तिन्या.”

“तुम्ही चांगल्या आहात, नीना पाव्लोव्ना,” उस्तिन्या म्हणाली. “पण आता कुणाला शब्द देऊ नका.”

जानेवारी संपताना राजधानीतली बातमी आली. संविधान सभा बसली होती. एक दिवस. दुसऱ्या दिवशी सभासद आले तर दाराला कुलूप. म्हणजे ज्यांची मतं मोजली त्यांचंही काही झालं नाही, आणि ज्यांची बाद झाली त्यांचंही नाही. तीन-तीन-तीन करून ओरडणारे आमचे पुरुष त्या दिवशी कचेरीत टोप्या गुडघ्यावर ठेवून बसले होते. एकानं विचारलं, “मग जमिनीचं काय ठरलं?” कोंद्रातनं कपाटामागे हात घातला, तसबीर आहे का चाचपली आणि हात काढून घेतला. 

उस्तिन्या ऊल्याला घेऊन लांबच्या काच कारखान्यात कामाला निघाली. जाण्याआधी मला न्यायला आली.

“सील आहे,” कोंद्रात म्हणाला. “सरकारी झाली ती. माणूस येईल.”

“माणूस यायचा नाही, काका.”

“तरी.”

तिनं वाद घातला नाही. माझ्या फटीवरून बोट फिरवलं. फटीच्या कडेला तेरेंतीच्या कागदाचं टोक बाहेर आलं होतं, ते तिनं नखानं आत सारलं. तेवढंच करून ती गेली. घंटीसुद्धा शेवटची वाजली नाही.

माणूस आला नाही. पुढच्या हिवाळ्यात तंबाखू वळायला कागद मिळेना, तेव्हा पुरुषांनी सील फोडलं. आतल्या याद्या आणि चिठ्ठ्या दोन महिने पुरल्या. चहाच्या पुडीचा कागद चांगला जळतो म्हणे. जिवंतांची आणि मेलेल्यांची नावं एकाच पायरीवर बसून ओढली गेली. एकदा पेलागेयाच्या म्हाताऱ्याच्या हातात स्वतःच्याच मुलांची चिठ्ठी आली. त्याला वाचता येत नव्हतं. पुढे माझ्यात घोड्यांचे नाल ठेवले, मग दिव्याचं तेल, मग सरकारी फॉर्म. आणखी बारा वर्षांनी गावकीच राहिली नाही, सगळेच पट्टे एका सरकारी कागदानं सामुदायिक शेतीत गेले, तेव्हा कोंद्रात याच कचेरीत माझ्यावर बसून रडला. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. झाला होता, थोडा.

किल्ली कधी हरवली ते आठवत नाही. मला कुणीतरी कुलूप लावून ठेवलं आणि विसरलं. मग शाळेच्या या कोपऱ्यात आणलं, पुसलं, पुठ्ठा लावला. ‘येथे लोकांनी प्रथमच मुक्तपणे मतदान केले.’ दरवर्षी मुलांना दाखवतात. मुलं विचारतात, आत काय आहे? मास्तर सांगतात, काही नाही.

दोन वर्षांपूर्वी काठी टेकत एक म्हातारी आली. बराच वेळ ती माझ्या कोंबड्यांसारख्या पक्ष्यांकडे बघत राहिली.

“ही माझ्या आईची आहे,” ती मास्तरांना म्हणाली.

“आजी, ही सरकारी मतपेटी आहे,” मास्तर नम्रपणे म्हणाले. “पुठ्ठ्यावर लिहिलंय.”

“बरं,” ती म्हणाली. आईसारखीच, वाद न घालता. तिनं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि फटीत सोडला. सोबत रुमालाच्या टोकाची एक जुनी, कडक झालेली गाठ. ती फटीतून जाईना, तेव्हा तिनं दातांनी गाठ सोडवली आणि आतला भुसा चिमटीनं आत घातला. भुशात पांढरे कण होते. ते चित्रामागच्या पत्राच्या कडेला लागून खाली पडले.

मास्तर घाईनं पुढे आले. “काय टाकलंत आजी? याची किल्ली हरवलीय. आता काढता येणार नाही.”

“म्हणून तर टाकलं,” ऊल्या म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. धूळ पुसा, रंग द्या, विसरू नका. मला त्यातलं काही नको, धूळ राहिली तरी चालेल. तुम्हाला कुणी विश्वासानं घडी घातलेला कागद दिला, आणि त्यात तुम्ही न मागितलेलं काही निघालं, तर ते मोठ्यानं वाचू नका, घडी पुन्हा घालून ज्याचं त्याला द्या. आणि माझ्यापुरतं म्हणाल, तर एवढंच करा. मला नवी किल्ली करू नका.